फाइल बिघडली, की वाचणारा चुकला?

२०२० च्या सप्टेंबरअखेर इंग्लंडमध्ये एक विचित्र गोष्ट घडली. करोनाचे रुग्ण वाढत होते, प्रयोगशाळा रात्रंदिवस चालू होत्या, आणि तरीही २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातले १५,८४१ बाधित सरकारी आकडेवारीतून गळाले. त्यांची चाचणी झाली होती, अहवालही त्यांच्या हातात पडला होता. पण ज्या यादीवरून त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायचं, त्या यादीत ही माणसं वेळेवर पोचलीच नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलीत ओतली जात होती आणि त्या फाइलीत ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. जास्तीचं सगळं बाहेर सांडलं. यंत्रानं घंटा वाजवली नाही, पडद्यावर लाल अक्षरं उमटली नाहीत.

डॉक्टरनं कॉम्प्युटरच्या फाइलींवर का लिहावं, असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देतो. रुग्णाचा पूर्वेतिहास आता केसपेपरात कमी आणि फाइलीत जास्त असतो. फाइल आजारी पडली की त्याची झळ माणसाला लागते. आणि गंमत अशी, की फाइलीचं निदान करताना होणाऱ्या चुका आमच्या चुकांसारख्याच असतात. याचा अनुभव गेल्या पौषात आला.

जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयातून तरुण सहकाऱ्याचा फोन आला. "सर, सिकलसेलचं रजिस्टर उघडत नाहीये."

रजिस्टर म्हणजे एक्सेलची फाइल. काही वर्षांच्या तपासणीतली नावं, पाडे, वयं आणि निकाल तिच्यात होते. तिला परवलीचा शब्द घातला होता, आणि ते योग्यच होतं. कोण सिकलसेलचा वाहक आहे ही माहिती चव्हाट्यावर यायची नसते. पण तो शब्द घालणाऱ्या डाटा एन्ट्री ऑपरेटरचं कंत्राट संपून तो केव्हाच निघून गेला होता. फोनवर सापडला, तर म्हणाला, "गावाकडचं काहीतरी नाव होतं साहेब, पुढं साल. मराठीतच टाइप केलं होतं, कुणाला ओळखू येऊ नये म्हणून." त्याला स्वतःलाही ते आता ओळखू येत नव्हतं.

या फाइलीचं महत्त्व का, ते सांगतो. सिकलसेल हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष. आई-वडील दोघेही नुसते वाहक असले तर दोघांनाही फारसा त्रास नसतो, पण त्यांच्या प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता २५ टक्के असते. पेठ, सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यांमध्ये हा प्रश्न कागदावरचा नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथं राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. तपासणीचा खरा उपयोग लग्नाआधीच्या समुपदेशनात आहे. पौषात लग्नं नसतात. माघ लागला की सोयरिकी सुरू होतात. माझ्या सहकाऱ्याला घाई होती ती त्यामुळे.

आता अशी फाइल उघडतात कशी? पुष्कळांना वाटतं की परवलीचा शब्द फाइलीत कुठंतरी लपवून ठेवलेला असतो आणि हुशार माणूस तो शोधून काढतो. तसं नसतं. फाइलीत असतो त्या शब्दाचा ठसा, ज्याला हॅश म्हणतात. अंगठ्याच्या ठशावरून माणूस घडवता येत नाही, पण समोर उभ्या केलेल्या माणसाचा ठसा जुळतो का, हे पाहता येतं. तेच इथं. प्रोग्रॅम एकेक शब्द घेतो, त्याचा ठसा काढतो, जुळवून पाहतो, नाही जुळला की पुढचा. २०१३ नंतरच्या एक्सेलमध्ये हा ठसा काढताना तेच गणित एक लाख वेळा करावं लागतं, मुद्दाम, म्हणजे चोराचा वेळ जावा. छोट्या इंग्रजी अक्षरांचे आठ अक्षरी शब्दच २०,८८२ कोटींच्या वर होतात. सेकंदाला दहा हजार तपासले तरी आठ महिने.

हे काम साध्या प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्स कार्ड, म्हणजे जीपीयू, फार वेगानं करतं. व्हिडिओ गेममधलं चित्र रंगवण्यासाठी बनवलेल्या या कार्डावर हजारो छोटे गणिती मजूर एकाच वेळी राबतात. हॅशकॅट हा त्यासाठीचा सर्वांत प्रसिद्ध प्रोग्रॅम. डिसेंबर २०१५ पासून तो सर्वांना खुला आहे. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि त्याच्याकडं गेम खेळायला घेतलेलं असं एक कार्ड आहे. त्याच्या आईच्या मते ते कार्ड म्हणजे पैशांची नासाडी. यंदा प्रथमच ते सत्कारणी लागणार होतं.

दोन गोष्टी मात्र आधी केल्या. रुग्णालयाच्या अधीक्षकांची लेखी परवानगी घेतली. दुसऱ्याची कुलूपबंद फाइल परवानगीशिवाय उघडणं माहिती तंत्रज्ञान कायद्याला मान्य नाही, भले हेतू कितीही चांगला असो. आणि भाच्याला फाइल दिलीच नाही. रुग्णालयातल्याच कॉम्प्युटरवर फाइलीची प्रत काढून त्या प्रतीतून फक्त ठशाची एक ओळ बाजूला काढली आणि तेवढीच त्याला पाठवली. त्या ओळीत कुणाचं नाव नसतं, निकाल नसतो. इंटरनेटवर 'तुमची फाइल आम्ही उघडून देतो' म्हणणारी संकेतस्थळं असतात. तिथं रुग्णांची अख्खी फाइल चढवणारी माणसं मी पाहिली आहेत. ते म्हणजे तिजोरीची किल्ली हरवली म्हणून तिजोरी बाजारात नेऊन ठेवण्यासारखं आहे.

भाच्यानं पट्ट्यातल्या गावांची, पाड्यांची, डोंगरांची, नद्यांची नावं आणि तिकडच्या बोलण्यातले शब्द यांची यादी केली, काही इंग्रजी अक्षरांत, काही देवनागरीत, प्रत्येकापुढे वेगवेगळी सालं. कार्ड लावलं आणि झोपला. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन. "मामा, सापडला म्हणतंय, पण उत्तराची फाइल करप्ट झालीय. नुसता कचरा आहे. कार्ड तापलं असेल. परत पहिल्यापासून चालवतो."

निफाडला पारा उतरल्याच्या बातम्या रोज छापून येत होत्या. त्या थंडीत कार्ड तापून फाइल बिघडली हे मला पटेना. मी म्हटलं, "काही करू नकोस. काही पुसू नकोस. आहे तसं मला दाखव."

ही माझी सवय रुग्णालयातली आहे, आणि ती कुठून आली हे सांगायला थोडं विषयांतर करतो.

पावसाळ्यात नाशिकमध्ये डेंग्यूची साथ आली की सगळ्या शहराला 'प्लेटलेट' हा एकच इंग्रजी शब्द येत असतो. निरोगी माणसात त्या दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या खरोखर कमी होतात, त्यात शंका नाही, आणि तसा अहवाल आला तर तो हलक्यानं घेऊ नये. पण कधी कधी एखादी ठणठणीत बाई साध्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीला येते आणि अहवालात प्लेटलेट चाळीस हजार. ताप नाही, अंगावर लाल ठिपके नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही. नातेवाईक घाबरून रक्तपेढीत फोन लावायला लागतात. अशा वेळी शहाणा पॅथॉलॉजिस्ट काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. तिथं दिसतं की प्लेटलेट भरपूर आहेत, फक्त घोळक्यानं चिकटून बसल्या आहेत.

होतं काय, की जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. काही थोड्या माणसांच्या रक्तात असे प्रतिद्रव्य असतात, की कॅल्शियम गेलं की ते प्लेटलेटना एकमेकींना चिकटवतात. शरीरात काही होत नाही, फक्त नळीत होतं. मोजणारं यंत्र त्या घोळक्याला प्लेटलेट म्हणून ओळखतच नाही. मग निळ्या टोपणाच्या, सोडियम सायट्रेटच्या नळीत रक्त घ्यायचं, तिथल्या द्रवानं ते थोडं पातळ होतं म्हणून आकड्याला १.१ नं गुणायचं, आणि बाई घरी. रुग्ण ठीक, यंत्र ठीक. नळी आणि वाचणाऱ्याची जोडी जमली नव्हती. हे न ओळखता प्लेटलेटच्या पिशव्या चढवल्या गेलेल्या लोकांची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत.

म्हणून अहवाल विचित्र आला की मी तीन प्रश्न विचारतो. नमुना बिघडला, यंत्र बिघडलं, की वाचण्यात गफलत झाली? भाच्यानं मधला प्रश्न आधी धरला होता. माणसं बहुधा तोच धरतात, कारण यंत्राला दोष दिला की कुणी भांडायला येत नाही.

त्यानं पाठवलेल्या चित्रात ठशाच्या पुढं एक डॉलरचं चिन्ह होतं, त्यापुढं इंग्रजीत 'हेक्स' आणि मग चौकटी कंसात सत्तरच्या आसपास आकडे आणि अक्षरं, मध्ये कुठं जागा नाही. प्रथमदर्शनी कचराच. पण मी ईसीजी वाचून वाचून म्हातारा होत आलेला माणूस. माझी नजर आधी ताल शोधते. या कचऱ्यात ताल होता. 'ई०ए४' हा तुकडा पुन्हा पुन्हा येत होता, अगदी ठरावीक अंतरानं, मध्येच कुठं 'ई०ए५'. शेवटी तीनवर सुरू होणाऱ्या चार जोड्या. बिघाड असा तालात होत नाही.

त्या संध्याकाळी थोडं वाचलं आणि उलगडा झाला. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. आज जगभर चालणाऱ्या युनिकोडच्या प्रचलित मांडणीत, जिला यूटीएफ-८ म्हणतात, इंग्रजी अक्षराला किंवा अंकाला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'नाशिक' या शब्दात न, काना, श, वेलांटी, क अशी पाच चिन्हं आहेत, म्हणजे पंधरा बाइट. सोळाच्या पटीच्या मांडणीत, जिथं नवानंतर ए ते एफ ही अक्षरं आकडे म्हणून वापरतात, नाशिक असं दिसतं: ई०ए४ए८, ई०ए४बीई, ई०ए४बी६, ई०ए४बीएफ, ई०ए४९५. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ई०ए४ किंवा ई०ए५ नंच सुरू होतं, आडनावासारखं. आणि इंग्रजी अंक एकाच बाइटचे, तीननं सुरू होणारे. शेवटच्या चार जोड्या म्हणजे साल.

हॅशकॅटनं काहीही बिघडवलं नव्हतं. उलट जास्तीची काळजी घेतली होती. उत्तराच्या ओळीत ठसा आणि शब्द यांच्यामध्ये तो अपूर्णविराम टाकतो. शब्दातच अपूर्णविराम असला किंवा साध्या इंग्रजीबाहेरची अक्षरं असली, तर ओळ वाचताना घोटाळा होऊ नये म्हणून तो शब्द असा आकड्यांत लिहून हेक्सच्या कंसात ठेवतो. औषध ओलं होऊ नये म्हणून वेष्टनात यावं आणि आपण वेष्टनच पाहून गोळी खराब आहे म्हणावं, तसं झालं होतं.

भाच्यानं तोवर, मी नको म्हणूनही, प्रोग्रॅम दुसऱ्यांदा चालवला होता. आता तर उत्तराची फाइल रिकामीच! त्याचा जीव खाली-वर. याचंही कारण साधं. एकदा सापडलेलं उत्तर हॅशकॅट आपल्या वेगळ्या वहीत, जिला पॉटफाइल म्हणतात, टिपून ठेवतो. तोच ठसा पुन्हा दिला तर तो शोधायला निघतच नाही, म्हणून नव्या फाइलीत लिहायलाही काही नसतं. त्याला जुनं उत्तर 'दाखव' असं सांगावं लागतं. रिपोर्ट आधीच तयार असताना रुग्णाला पुन्हा रक्त द्यायला पाठवणारी प्रयोगशाळा यापेक्षा वाईट म्हणायची.

आकड्यांचं देवनागरीत रूपांतर केलं, शब्द स्पष्ट दिसला. भाच्यानं फोनवर सांगितला, सहकाऱ्यानं टाइप केला. फाइल उघडेना.

इथं मला मराठीचा खास असा एक गुंता कळला, जो इंग्रजांना आयुष्यात कधी भेटणार नाही. खरा शब्द मी सांगत नाही, त्याच्या जातीचा घेतो: 'दऱ्याखोऱ्या'. यातला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र. तो कॉम्प्युटरवर दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात खाली नुक्ता असलेलं ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढं एक अदृश्य जोडचिन्ह. पहिल्यात सहा बाइट, दुसऱ्यात नऊ. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शुद्धलेखनाचे गुरुजीही फरक सांगू शकणार नाहीत. पण ठसा काढणाऱ्या गणिताला ते दोन वेगळे शब्द आहेत. कुठला कळफलक वापरता यावर कुठला प्रकार उमटणार ते ठरतं. जुना ऑपरेटर एका कळफलकावर टाइप करत होता, आमचा डॉक्टर दुसऱ्यावर. शब्द टाइप न करता मूळ आकड्यांतून आलेला जसाच्या तसा उचलून चिकटवला, आणि रजिस्टर उघडलं.

फाइल उघडणं ही खरी परीक्षा. 'सापडला' हे प्रोग्रॅमचं म्हणणं हा पुरावा नव्हे. एक्सेलच्या नव्या फाइलीत खोटं उत्तर येणं जवळजवळ अशक्य, पण जुन्या पद्धतीच्या झिप फाइलीत परवलीच्या शब्दाची पहिली चाचणी फक्त एका बाइटवर होते. म्हणजे दर २५६ चुकीच्या शब्दांपैकी साधारण एक ती चाचणी पास होतो, आणि मग आतली फाइल उघडल्यावर निघतो खराखुरा कचरा. माणूस म्हणतो शब्द बरोबर आहे, फाइल बिघडली. प्रत्यक्षात शब्दच चुकीचा असतो. सिकलसेलचंही असंच आहे. पाड्यावर केली जाणारी विद्राव्यता चाचणी स्वस्त आणि झटपट, पण ती वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगत नाही, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर फसवतेही. म्हणून तिच्यात जे सापडतील त्यांचं रक्त एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसला पाठवायचं. चाळणी ती चाळणी आणि निदान ते निदान.

मग खरा बिघाड नसतोच का? असतो. लिहिता लिहिता वीज गेली, डिस्क भरली, तर फाइल अर्धवट राहते. शेवटची ओळ मध्येच तुटलेली दिसते. कार्डाला त्याच्या ताकदीबाहेर पळवलं तर त्याच्या स्मृतीत एखादा शून्याचा एक होऊ शकतो. २००३ च्या मे महिन्यात बेल्जियममध्ये ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेक इथं इलेक्ट्रॉनिक मतमोजणीत एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त पडली. हा आकडा म्हणजे दोनचा बारावा घात, एका बिटनं उडी मारली की नेमका एवढा फरक पडतो. अंतराळातून येणाऱ्या किरणांवर संशय घेतला गेला, पुरावा काही मिळाला नाही. महत्त्वाच्या कामाच्या सर्व्हरमध्ये अशी चूक ओळखून दुरुस्त करणारी स्मृती बसवतात. गेमच्या कार्डांत ती सहसा नसते. पण खऱ्या बिघाडाची खूण ही, की तो बेताल असतो.

वाचकांपैकी अनेकांना कॉम्प्युटरवर मराठीचा कचरा दिसलेला असेल, त्यांच्यासाठी थोडं लक्षणशास्त्र सांगतो. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याला लागून चार पाय फुटलेल्या गोलासारखं चलनाचं चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह, अशा जोड्या पुन्हा पुन्हा दिसत असतील तर घाबरू नका. ती तुमचीच देवनागरी आहे, फक्त प्रोग्रॅम तिला युरोपीय लिपी समजून वाचतो आहे. फाइल उघडताना यूटीएफ-८ निवडा, मराठी परत येते. नुसत्या रिकाम्या चौकटी दिसत असतील तर अक्षरं शाबूत आहेत, त्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नाही एवढंच. इंग्रजी अक्षरांची निरर्थक पण ठासून भरलेली वाक्यं दिसली, तर फाइल बहुधा जुन्या फॉन्टमधली असते. युनिकोड रुळण्याआधी आपल्या कार्यालयांत पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम आणि त्याचे सुरेख, योगेशसारखे फॉन्ट, किंवा मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी चालायची. त्यात कॉम्प्युटर इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी आकार दाखवायचा. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये ठरलेलं होतं, युनिकोडमधली देवनागरीही इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावरच बेतली आहे; पण छपाई देखणी व्हावी या हौसेत प्रत्येकानं आपापली चूल मांडली. त्या काळातल्या याद्या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून वाचवता येतात. थोडे जोडाक्षरांचे हाल होतात, ते हातानं सावरावे लागतात.

आणि सलग प्रश्नचिन्हं दिसली, तर? त्याकडे येतोच. आधी एक सूचना: कचरा दिसत असताना 'सेव्ह' दाबू नका. वाचण्यातली चूक तोवर फक्त नजरेत असते, सेव्ह केलं की ती फाइलीत उतरते. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांमध्ये, आपल्या नाशिकलाही अशी प्रादेशिक प्रयोगशाळा आहे, मूळ पुराव्याला हात न लावता प्रतीवर काम करणं हा पहिला दंडक असतो. तो घरीही पाळावा.

एक्सेल स्वतःही गुपचूप बरंच काही बदलतो. बारा अंकी आधार क्रमांक किंवा चौदा अंकी आभा क्रमांक साध्या रकान्यात टाकला की तो १.२३ई+११ अशा वैज्ञानिक थाटात दाखवतो, आणि तशीच ती यादी सीएसव्ही म्हणून जतन केली की उरलेले आकडे कायमचे गेले. रकाना आधी 'टेक्स्ट' करून घेतला की हे टळतं. शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. सेप्ट-२, मार्च-१ अशा जनुकांच्या नावांना एक्सेल तारखा समजून बदलत राहिला. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलण्यात आली. एक्सेल बदलण्यापेक्षा माणसाच्या जनुकाचं नाव बदलणं सोपं पडलं.

आमच्या उघडलेल्या रजिस्टरात एकूण पाच पानं होती. चार स्वच्छ. पाचव्यावर वय होतं, स्त्री-पुरुष होतं, एचपीएलसीचा निकाल होता, आणि नावाच्या व गावाच्या रकान्यात प्रश्नचिन्हं. चाळीसेक ओळी. कुणीतरी कधीतरी ते पान दुसऱ्या कुठल्या यंत्रणेत चढवण्यासाठी साध्या सीएसव्हीत जतन केलं होतं आणि तीच प्रत परत आणून चिकटवली होती. एक्सेलच्या साध्या सीएसव्हीत देवनागरीला जागा नसते. 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय त्याच यादीत असतो, तो निवडावा लागतो. तो न निवडल्यास प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह बसतं आणि मूळ आकडा पुसला जातो. इथं वाचण्यात चूक नव्हती. माहितीच उरली नव्हती.

भाच्यानं एक युक्ती काढली. प्रश्नचिन्हं मोजली तर नाव किती चिन्हांचं होतं ते कळतं: पाच, जागा, चार, जागा, सहा. वय आणि गाव जुळवून नावं ओळखता येतील, असं त्याचं म्हणणं. हुशार आहे पोरगा. पण सहकाऱ्यानं नको म्हटलं, आणि ते मला पटलं. पाच चिन्हांच्या नावाच्या दोन मुली एकाच पाड्यावर निघाल्या, तर वाहक असल्याचं पत्र कुणाच्या घरी द्यायचं?

रुग्णालयात शोधाशोध केली तेव्हा कागदी नोंदवहीत अकरा नावं मिळाली. उरलेल्यांसाठी आशाताई आणि प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ पुन्हा पाड्यांवर गेले, पुन्हा बोटाला सुई टोचली, पुन्हा नमुने नाशिकला आले. माघ अर्धा सरला तेव्हा सात ओळींची माणसं अजून सापडली नव्हती. द्राक्षबागांच्या कामाला कुटुंबं दिंडोरीकडं उतरली होती. त्या सातांपैकी दोघी वाहक आहेत, वयं अठरा आणि एकोणीस, एवढं रजिस्टर सांगतं.